बिनवासाची कुपी

समोरच्या 'शरयू'ला बिल्डरने पत्र्यांनी वेढलं
आणि सकाळी नऊला, माझा दुसरा चहा अर्धा असताना,
जमिनीत पहिला घण बसला.
कपातल्या चहावर गोल गोल वलयं.
मिरी कपाटाखाली.
त्या फटीत माझी चप्पलसुद्धा आडवी जात नाही.
ती कशी मावली, कोण जाणे.

डॉक्टर तडवींनी कुपी दिली. प्लगमध्ये खोचायची.
म्हणाले, दूध पाजणाऱ्या कुत्रीच्या थानांमधून
एक वास सुटतो, पिल्लं त्याने निवांत होतात.
हा तसाच, फक्त कारखान्यात केलेला.
काहींना लागू पडतो, काहींना नाही.
आणि काकू, तुम्हाला काही येणार नाही हं.

मला येणार नाही?
एकतीस वर्षं मुलुंडच्या अत्तराच्या कंपनीत
या नाकाचा पगार घेतलाय मी.
कागदाची पट्टी एकदा फिरवून सांगायचे,
वाळा यंदाचा नाही, चंदनात भेसळ आहे,
आणि नमुना आणणाऱ्याने दुपारी
सुके बोंबील खाल्लेत.

कुपी खोचली. गुडघे टेकले. नाक लावलं.
तापलेलं प्लास्टिक.
भिंतीचा जुना रंग, बोर्डामागची धूळ.
बस.
डोळे मिटून पुन्हा. बस.

मिरी मला नाहूरच्या पुलाखाली मिळाली,
सिमेंटच्या पाइपात, डोळे नुकते उघडलेले,
फार तर सोळा दिवसांची.
आई कुठे गेली ते कोणी सांगितलं नाही,
मीही खोदून विचारलं नाही.
कापसाच्या बोळ्याने दूध पाजलं.
म्हणजे हा वास तिच्या वाट्याला
सोळाच दिवस आलेला.

तिसऱ्या दिवशी कपाटाखालून नाक आलं, नुसतं नाक,
काळं, ओलं, हवेत काहीतरी वाचणारं.
सहाव्या दिवशी मान.
घण पडला की कान मागे जायचे,
पण पाय तिथेच राहायचे.
सिक्वेराबाई दारातून म्हणाल्या,
रस्त्यावरची कुत्री अख्खी दिवाळी काढतात की!
काढतात.
कशी काढतात ते त्यांना कोण विचारतं.

रात्री ऑफिसची जुनी वही काढली.
हजार भागांचा हिशेब, जसा कुठल्याही अत्तराचा.
वर लिहिलं: आई.
उडदाचं पीठ, चारशे.
हिंग, साठ.
रॉकेल, तीस.
दिवसभर ओला राहिलेला पदर, शंभर.
पापडखाराला वास नसतो,
पण तिचे तळवे रात्री चरचरायचे,
ते कुठल्या रकान्यात धरायचं?
बेरीज पाचशे नव्वदवर अडली.
बाकीचे चारशे दहा
माझ्या नाकात कधी आलेच नसतील,
किंवा आले असतील आणि मी
त्यांना नाव द्यायच्या आधीच झोपले असेन.

कुपी तीस दिवस पुरते.
पत्र्यावरच्या पाटीवर लिहिलंय, काम चौदा महिने.
एका कुपीला गॅसच्या सिलिंडरपेक्षा जास्त पडतात.
गुणाकार केला आणि वही मिटली.

काल माझी चटई मी बोर्डाजवळ ओढली.
कारणं आहेत:
पलंगाची गादी खचलीये,
खिडकीतून साइटचा दिवा डोळ्यावर येतो.
मिरी आली, तीनदा गोल फिरली,
माझ्या पाठीला पाठ लावून पडली.

सकाळी नऊला घण बसला.
दोघींच्या पाठी एकदमच दचकल्या.
मग तिची
माझ्याआधी सैल झाली.